अंबरपेठच्या बाजूचा दिवा

तो दिवा मी पाहिला होता, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं की लोक विचारतात, “मग इतके दिवस गप्प का बसलात?” आणि त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. लाज.

संध्याकाळचे सात वाजून गेले होते. टाकीत पाणी किती आहे ते बघायला मी गच्चीवर गेलो होतो. हे काम खरं तर वॉचमन यादगिरीचं. पण त्याला “पानी है क्या?” विचारलं की तो “हौ साब” म्हणतो, आणि “पानी खतम हुआ क्या?” विचारलं तरी “हौ साब”च म्हणतो. तर टाकीचं झाकण लावून वळलो आणि बघतो तो काय, अंबरपेठच्या बाजूला, समोरच्या लेडीज हॉस्टेलच्या बरोबर वर, आभाळात एक नारिंगी दिवा! विमान म्हणावं तर हलत नव्हता. तारा म्हणावं तर चांगला लिंबाएवढा होता. दोन-तीन मिनिटं जागच्या जागी थांबला, मग डावीकडे सरकला, परत आला आणि बटण बंद करावं तसा विझला. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये बत्तीस वर्षं काढली आहेत. तपासल्याशिवाय साधी डोकेदुखीची गोळी पास केलेली नाही. असा मी, श्रीकांत खांबेटे, जिना उतरून घरात आलो तेव्हा माझी एक चप्पल गच्चीवरच राहिली होती.

आता यात लाजायचं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. नेमका हाच दिवा आदल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या कोंडाबाईंनी पाहिला होता, आणि त्यांना सगळ्यात जास्त हसलेला माणूस मी होतो.

कोंडाबाई मूळच्या परभणीकडच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा तातेराव लवकर गेला, तेव्हापासून एकटीनं मुलीला आणि मुलाला वाढवलं; मुलगी लग्न होऊन नांदेडला असते, आणि मुलगा अमरदीप आज विमा कंपनीत अधिकारी आहे. बाईंचं वय एकाहत्तर. भाजीवालीशी तेलुगूत भांडतात, ऑटोवाल्याशी दखनीत, आमच्याशी मराठीत, आणि कुठेच हरत नाहीत. त्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाल्या, “खांबेटे भाऊ, काल मिरच्या आणाया गच्चीवर गेले, तर आभाळात दिवा बगितला मी. लिंबाएवढा.” मी म्हणालो, “लिंबाएवढा? मग मिरच्यांबरोबर ओवून दाराला का नाही बांधलात?” लिफ्टमधले सगळे हसले. मला इतका आनंद झाला की हाच विनोद मी पुढे घरी केला, दूध केंद्रावर केला आणि पुण्याला मेहुण्याला फोन करून त्यालाही ऐकवला.

त्यानंतर बाईंनी दिवा आणखी दोनदा पाहिला, आणि माझा विनोद भलत्याच वाटेला लागला. अमरदीपनं मला जिन्यात गाठलं. पोरगा गुणी आहे, आईवर जीव आहे, म्हणूनच घाबरलेला होता.

“काका, आईचं काहीतरी बिघडलंय. तुम्हीच तर सांगत होता सगळ्यांना. परवा गॅसही चालू ठेवून बाहेर गेली.”

(आमच्याकडे माझी बायको वैशाली महिन्यातून दोनदा गॅस चालू ठेवते. आमच्या घरात त्याला ‘कामाचा ताण’ म्हणतात.)

“मी आणि स्वप्ना दोघंही दिवसभर ऑफिसात,” तो पुढे म्हणाला. स्वप्ना म्हणजे त्याची बायको. “डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. ते काही म्हणाले तर आईला नांदेडला ताईकडे पाठवावं लागेल. कायमचं. एकटी कशी ठेवू मी तिला?”

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई भेटल्या. नेहमीसारख्या बोलेनात. मी “काय म्हणता?” विचारलं तर एवढंच म्हणाल्या, “नांदेडला मी कोन हो भाऊ? लेकीची आई. हितं मी कोंडाबाई हाय.” आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

सरळ मार्ग समोर होता. अमरदीपच्या दारावर टकटक करायची आणि म्हणायचं, “बाबा रे, मीही पाहिलाय.” चार शब्दांचं काम. पण आम्ही राहतो त्या सगळ्या तारनाक्यात लिंबू-मिरचीचा विनोद पसरवून आलेल्या माणसानं हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? रात्रभर विचार करून मी दुसरा मार्ग काढला. आणखी दोघा-तिघांना गच्चीवर न्यायचं, त्यांना तो दिवा दिसू द्यायचा, आणि मग त्यांच्या मागून हळूच “मलाही दिसला हो” म्हणून गर्दीत शिरायचं. बाईही सुटल्या, माझी अब्रूही शाबूत. योजना बिनतोड होती. एकच गोष्ट मी विसरलो, की ती दोघं-तिघं मराठी असणार होती.

पहिले, एकनाथराव. रेल्वेतून निवृत्त, दुसऱ्या मजल्यावर राहतात, घरात दुर्बीण आहे. दुसरी आमच्याच इमारतीतली केतकी, मूळची पुण्याची, आयटीतली, घरूनच काम करते. मी म्हणालो, सात वाजता गच्चीवर या, जरा आभाळ बघू. एकनाथराव म्हणाले, “बघू म्हणजे? कोणत्या नात्यानं बघणार? आधी मंडळ स्थापन करा.”

झालं! आभाळ राहिलं बाजूला. पहिल्या दोन बैठका नावावर गेल्या. केतकीनं ‘स्काय गँग’ सुचवलं. एकनाथराव म्हणाले, अशा नावाला पोलीस आधी येतील आणि दिवा नंतर. शेवटी ‘अज्ञात प्रकाश निरीक्षण मंडळ, तारनाका’ हे नाव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झालं. अध्यक्ष एकनाथराव, चिटणीस मी, सहचिटणीस केतकी. साधा सभासद एकही उरला नाही. घटना एकनाथरावांनी एका बैठकीत लिहून आणली, कारण म्हणे रेल्वेत नियमाशिवाय शिट्टीसुद्धा वाजत नाही. कलम सात: कोणताही प्रकाश किमान दोन सभासदांनी एकाच वेळी पाहून वहीत सही केल्याशिवाय ‘दिसला’ असे समजण्यात येणार नाही. कलम नऊ: सभासद नसलेल्यांचे पाहणे ग्राह्य नाही.

कोंडाबाई वर आल्या. “मला बी घ्या की मंडळात. मीच तर बगितलाय पहिल्यांदा.”

“तेच तर,” एकनाथराव म्हणाले. “तुमच्याच निरीक्षणाची चौकशी चालू आहे. चौकशी चालू असलेल्या व्यक्तीला सभासद करता येत नाही.”

“म्हंजे मी आरोपी?”

“छे छे! फिर्यादी म्हणा.”

बाईंनी मेथीची जुडी काढली, कठड्याजवळच्या पायरीवर बसल्या आणि निवडायला लागल्या. त्या रोज येऊन तिथे बसायच्या. मंडळात त्या नव्हत्या, पण आभाळाकडे बघणारं माणूस गच्चीवर तेवढंच होतं. आम्ही आदल्या दिवशीचं इतिवृत्त वाचत असायचो.

बातमी पसरली आणि सल्ल्यांची रीघ लागली. तळमजल्यावरचे रेड्डी म्हणाले, लग्नाच्या हॉलचा दिवा असेल. दूधवाल्याच्या मते तो उडता कंदील. नारायणगुड्याहून खास मेट्रोनं आलेले एक ओळखीचे केशवराव म्हणाले, पतंगाला दिवा बांधतात लोक, मी लहानपणी स्वतः बांधलाय, आणि त्यांनी ती गोष्ट पाऊण तास सांगितली. पुण्याचा मेहुणा अभिजीत फोनवरच “ड्रोन!” म्हणाला आणि हसत सुटला. वैशालीचं मत सगळ्यात वेगळं होतं. “आभाळातला दिवा सावकाश शोधा,” ती म्हणाली, “आधी बाथरूमचा बदला. तीन आठवडे अंधारात आंघोळ करतेय मी.”

चौथ्या संध्याकाळी इतिवृत्त लवकर संपलं, म्हणून एकनाथरावांनी दुर्बीण काढली आणि अंबरपेठच्या बाजूला लावली. दहा मिनिटांत यादगिरी वर आला. त्याच्या मागे हॉस्टेलच्या वॉर्डन मॅडम, आणि त्यांच्या मागे दोन मुली, मोबाईल उगारून.

“एमंडी,” म्हणजे ‘अहो’, मॅडम म्हणाल्या, “ये उमर में?”

मला तो सबंध महिना दुसरं कुठलंही वाक्य इतकं लागलं नाही. ‘ये उमर में!’ म्हणजे त्या उमर में चाललं असतं की काय? मी म्हणालो, “मॅडम, हम आसमान देख रहे.”

“आसमान हमारे हॉस्टेल के ऊपरीच है क्या?”

पंचाईत अशी, की आमच्या दृष्टीनं तेवढंच होतं. यादगिरीकडे पाहून मी म्हणालो, “बोलो ना इनकू, हम शरीफ लोग हैं.” यादगिरी माझ्याकडे बघत राहिला. एरवी उठसूट ‘हौ साब’ म्हणणारा हा प्राणी त्याच वेळी गप्प! शेवटी आम्ही लेखी हमी दिली, की यापुढे मंडळाचे सभासद गच्चीवर हॉस्टेलकडे पाठ करून बसतील आणि कोणत्याही कारणाने मागे वळून पाहणार नाहीत. एकनाथरावांनी लगेच तसा ठरावही एकमताने करून घेतला.

पाचव्या दिवसापासून आम्ही उलट्या, लालागुड्याच्या बाजूचं आभाळ बघायला लागलो. दिवा अंबरपेठच्या बाजूला येतो, हे कोंडाबाईंनी ओरडून सांगितलं होतं, मला तर स्वतःला माहीत होतं. केतकी म्हणालीसुद्धा, “काका, आपण टोटली रॉंग डायरेक्शनला बघतोय ना?” त्यावर एकनाथराव म्हणाले, “दिशा चूक असेल, ठराव बरोबर आहे.” आठवडाभरात आम्ही अकरा विमानं आणि पोत्यानं वटवाघळं पाहिली, आणि दोन-दोन सह्यांनिशी वहीत नोंदवली.

मधे आम्ही एका सरकारी कार्यालयातही जाऊन आलो. कोणतं ते सांगत नाही, आपल्याला त्याच शहरात राहायचंय. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि विचारलं, “लाइट कहाँ था?” मी म्हणालो, अंबरपेठ की तरफ. “तो अंबरपेठ के ऑफिस जाओ. जहाँ से देखे वहाँ नहीं, जहाँ था वहाँ.” अंबरपेठच्या साहेबांनी अर्ज उलटा करून बघितला. “हमारे ऊपर था तो हमारे लोगों कू दिखना था ना? इधर से एक भी कंप्लेंट नई आई. तुमको दिखा तो तुम्हारे इधर कंप्लेंट करो.” तरीही दया येऊन त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात पहिलाच रकाना होता, ‘वस्तू के मालिक का नाम’. आम्ही तो फॉर्म घेऊन परत आलो.

आणि मग अकराव्या संध्याकाळी तो आला.

आम्ही तिघं खुर्च्यांवर, लालागुड्याकडे तोंड करून. मागून कोंडाबाईंचा आवाज. “आला! आला बगा! अवो, वळा की मागं!”

मी अर्धा उठलो. “थांबा!” एकनाथराव गरजले. “कुणीही वळू नका! लेखी हमी आहे!”

“अवो, आला हाय तो! जाईल आता!”

“काका, प्लीज,” केतकी रडकुंडीला आली, “वळू या ना!”

“वळू. पण आधी ठराव तात्पुरता स्थगित करावा लागेल. खांबेटे, तुम्ही सूचक. केतकी अनुमोदक. लिहा.”

वही केतकीच्या हातात, आणि ती बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेली. मराठी अक्षर ती रांगोळी काढावी तसं काढते. ‘ठराव क्रमांक बारा, हॉस्टेलकडे पाठ करण्याबाबतचा’ इथपर्यंत ती आली तेव्हा कोंडाबाई म्हणाल्या, “डावीकडं सरकला.” ‘ठराव क्रमांक चार तात्पुरता’ला म्हणाल्या, “परत आला.” आम्ही तिघांनी सह्या केल्या, अध्यक्षांनी तारीख घातली, आणि तिघंही एकदम वळलो. समोर हॉस्टेलची पाण्याची टाकी होती आणि टाकीवर एक कबूतर. कोंडाबाई आमच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि खाली गेल्या. वहीत नोंद झाली, ‘काहीही आढळले नाही.’

मी तेव्हा का वळलो नाही? नुसती मान वळवायला सूचक-अनुमोदक लागत नाहीत. मी घाबरलो होतो. तो दिवा पुन्हा दिसला असता तर मला बोलावं लागलं असतं, दुसरं काय! माझी मलाच इतकी चीड आली की त्या रात्री मी बाथरूमचा दिवा बदलला.

सतराव्या दिवशी, शुक्रवारी, अमरदीप घरी आला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डॉक्टरांची वेळ होती. “काका, एक मदत हवीय. तुमच्या मंडळानं सतरा दिवस रोज पाहणी केलीय ना? मग काहीच दिसलं नाही असं एक पत्र द्या. डॉक्टरांना दाखवीन. म्हणजे त्यांनाही कळेल, की आईला जे दिसतं ते... फक्त आईलाच दिसतं.”

कोंडाबाईंना सोडवायला मंडळ काढलं, आणि आता तेच मंडळ त्यांना नांदेडच्या गाडीत बसवणार होतं, शिक्क्यासह. हो, शिक्काही आम्ही करून घेतला होता.

संध्याकाळी सहाला आमच्या दिवाणखान्यात तातडीची बैठक. एकनाथराव, केतकी, अमरदीप, पोहे घेऊन वैशाली, आणि दाराशी पंप चालू करायची चावी मागायला आलेला यादगिरी. कोंडाबाईही आल्या. धुवट नऊवारी, केस विंचरलेले, जणू निकाल ऐकायला आल्या होत्या. चिटणीस म्हणून मी पत्र वाचायला घेतलं. “मंडळाने सलग सतरा दिवस शास्त्रशुद्ध पद्धतीने आकाशाचे निरीक्षण केले असता, कोणताही अज्ञात प्रकाश...”

“भाऊ,” कोंडाबाई शांतपणे म्हणाल्या, “ह्येच्यावर सही तुमची हाय का?”

कागद माझ्या हातात होता, पेन दुसऱ्या हातात. मी बाईंकडे पाहिलं आणि माझं सगळं क्वालिटी कंट्रोल गळून पडलं.

“नाही,” मी म्हणालो. “मी सही करणार नाही. मी तो दिवा पाहिलाय. तुम्ही सांगितलंत त्याच्या पुढच्याच आठवड्यात. नारिंगी, लिंबाएवढा, डावीकडे सरकून परत आला. मी लाजेपोटी बोललो नाही, अमरदीप. चप्पल टाकून पळालो होतो मी. आईला काही झालेलं नाही तुझ्या. झालं असेल तर मलाच झालंय.”

मग वैशालीनं पोह्यांचा डाव खाली ठेवला. “मीही पाहिलाय,” ती म्हणाली. “गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला गेले होते तेव्हा.”

“तू? अगं, मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला सांगू? तुमचा तो लिफ्टमधला विनोद घरी ऐकला नव्हता का मी?”

केतकी एकदम म्हणाली, “काका, आय ॲम सो सॉरी, मी पण! व्हिडिओ काढला होता, पण सगळा ब्लर आला, आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला असता तर मला जन्मभर चिडवलं असतं.”

मग सगळे एकनाथरावांकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “तीनदा,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं माझं. मला वाटलं, परत बिघडला डोळा. त्या दिवशी बाई ओरडल्या तेव्हा मी वळू दिलं नाही, कारण... तुम्हाला दिसला नसता आणि मला एकट्यालाच दिसला असता तर?” आणि रेल्वेचा तो करारी माणूस खाली मान घालून पोहे खायला लागला.

दारातून यादगिरी म्हणाला, “साब, वो तो मैं भी देखतूँ. कब का देखरूँ.”

“तो बोला कैकू नहीं रे?” मी ओरडलो.

“आप पूछे कैकू नहीं?”

कोंडाबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडणार. कसलं रडणं! “येवढ्या साऱ्यांनी बगितला,” त्या कडाडल्या, “आन् मला एकलीला येडी ठरवलं? सतरा दिस मी तिथं मेथी निवडत बसले, आन् तुमी माझ्याकडं पाठ करून वही भरत व्हता? एकाला बी जीभ नव्हती व्हय?” आम्ही चौघंही माना खाली घालून ऐकून घेतलं. ऐकून घेण्याजोगंच होतं ते.

अमरदीप आईजवळ गेला. “आई, चुकलं माझं. मी एकदा तरी वर यायला हवं होतं तुझ्याबरोबर.”

“मग चल आता,” त्या म्हणाल्या. “सात वाजत आले.”

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. हमी, ठराव, सगळं खाली ठेवून हॉस्टेलकडे तोंड करून बसलो. पायरीवर कोंडाबाई, शेजारी अमरदीप, आईचा हात हातात धरून. सव्वासात झाले. साडेसात झाले. आभाळात काही नव्हतं. अमरदीप डोळे फाडफाडून बघत होता. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. आईसाठी त्याला आता दिवा दिसायलाच हवा होता. आणि एकदम तो म्हणाला, “हां आई! दिसला! तो बघ.”

मी पाहिलं. काळं कुळकुळीत आभाळ. पण सतरा दिवसांचं पाप माझ्या डोक्यावर होतं, म्हणून मी म्हणालो, “हो हो, दिसला की!” एकनाथराव म्हणाले, “नारिंगीच आहे.” केतकी म्हणाली, “सो क्लिअर!” वैशालीसुद्धा मान हलवायला लागली.

“गप बसा सगळे,” कोंडाबाई म्हणाल्या. “काय बी न्हाई तिथं. आज आलाच न्हाई तो.”

अमरदीप आईकडे वळला. मग त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, “आई, ताईला फोन करून सांगतो. तू नांदेडला येत नाहीस म्हणून.”

“सांग,” बाई म्हणाल्या. “पन त्या डॉक्टरांची उद्याची येळ मोडू नगंस. ह्या चौघांना घेऊन जा.”